वेलीचा ताळेबंद मांडणारा गणिताचा प्राध्यापक

कोल्हापूर ही द्राक्षांची भूमी नव्हे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांच्या काठाने पसरलेला ऊस, पश्चिमेच्या डोंगरउतारावरचा भात आणि शाहूपुरीच्या पेठेतला गूळ ही या जिल्ह्याची ओळख. द्राक्षवेलीला मानवणारी कोरडी हवा आणि माफक पाऊस हवा असेल तर पूर्वेकडे सरकावे लागते; तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत हा तो टापू. असे असूनही महाराष्ट्रात सेंद्रिय पद्धतीच्या, लहान क्षेत्रावरच्या आणि हिशेबाने केलेल्या द्राक्षशेतीचा विषय निघाला की जे नाव प्रथम घेतले जाते ते कोल्हापूरचे आहे. प्रयोग परिवाराचे प्रवर्तक श्री. अ. दाभोळकर, म्हणजेच श्रीपाद अच्युत दाभोळकर, यांचे ते नाव. ते कृषी पदवीधर नव्हते, मोठे बागाईतदार नव्हते, सरकारी संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञही नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक होते, आणि शेतीकडे त्यांनी अखेरपर्यंत गणिती माणसाच्या नजरेने पाहिले.

२००१ साली त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून वाईननिर्मितीला सवलती दिल्या आणि राज्यातल्या द्राक्षबागांपुढे एक नवे दार उघडले. दाभोळकरांचा विषय प्रामुख्याने खाण्याच्या द्राक्षांचा. तथापि चांगली, समतोल, सामान्य माणसाच्याही जिभेला सहज रुचेल अशी वाईन कशी होते, याचे जे उत्तर आज जगातले छोटे सेंद्रिय वाईन उत्पादक देतात, त्याचा मोठा भाग दाभोळकरांनी कोल्हापुरात बसून वेगळ्या प्रयोजनाने मांडून ठेवलेला होता. म्हणून त्यांचे चरित्र त्या अंगानेही पाहण्यासारखे आहे.

दाभोळकर हे १९२० च्या दशकात जन्मलेल्या पिढीतले. ऐन तारुण्यात स्वातंत्र्य पाहिलेल्या आणि त्यानंतर खेड्याचे काय करायचे या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या सुशिक्षितांची ती पिढी. त्यांच्या आयुष्याला दिशा देणारे ठिकाण म्हणजे भुदरगड तालुक्यातले गारगोटी. थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९५२ च्या सुमारास येथे मौनी विद्यापीठ उभे केले. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव धारण करणारी ही संस्था खेड्यातल्या मुलाला खेड्यातच उच्च शिक्षण मिळावे आणि ते शिक्षण त्याच्या भोवतालच्या जीवनाशी जोडलेले असावे या हेतूने निघाली होती. नाईक स्वतः आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. शाळा, शेत, दवाखाना आणि सहकारी संस्था यांना एका सूत्रात ओवण्याचे त्यांचे स्वप्न होते. या संस्थेत दाभोळकर गणित शिकवीत असत.

गणित शिकविणाऱ्या माणसाला शेतकऱ्यांची मुले शिकवायला मिळाली की दोन गोष्टींपैकी एक होते. एकतर तो मुलांना शेतापासून दूर नेतो, नाहीतर मुलेच त्याला शेताकडे ओढतात. दाभोळकरांच्या बाबतीत दुसरे घडले. फळ्यावरचे समीकरण आणि बांधापलीकडचे पीक यांच्यात संबंध नसेल तर विद्यापीठाला ग्रामीण म्हणण्यात अर्थ काय, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाच्या मुळाशी दिसतो.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. साठच्या दशकाच्या मध्यास देशात अन्नधान्याची तीव्र टंचाई होती. संकरित बियाणे, रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्या बळावर हरितक्रांतीची पावले पडू लागली होती. या क्रांतीत ज्ञानाचा प्रवाह एकाच दिशेने वाहत होता. संशोधन केंद्रात शिफारस तयार होणार, ती विस्तार अधिकाऱ्याच्या तोंडून गावात येणार आणि शेतकरी ती अमलात आणणार. पीक आले तर शिफारस बरोबर. नाही आले तर शेतकऱ्याचे चुकले. शेतकऱ्याने स्वतः काही पाहिले असेल, मोजले असेल, त्याला काही वेगळे आढळले असेल, तर ते सांगण्याची जागाच या रचनेत नव्हती. दाभोळकरांना खटकले ते नेमके हेच. खत वाईट की चांगले हा वाद त्यांच्या दृष्टीने नंतरचा. प्रयोग करण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद पहिला.

त्यातून प्रयोग परिवार आकाराला आला. नावात परिवार होता आणि तो खरोखरच परिवारासारखा चालला. सभासदत्वाचे अवडंबर नाही, मोठे कार्यालय नाही. आपल्या शेतात एखादी गोष्ट मुद्दाम वेगळी करून पाहणारा, तिची नोंद ठेवणारा आणि ती दुसऱ्याला कळविणारा प्रत्येक जण या परिवाराचा घटक. पत्रव्यवहार हे त्याचे मुख्य साधन. एका गावातला शेतकरी आपले निरीक्षण कळवी, त्यावर दाभोळकर प्रश्न उपस्थित करीत, आणि मग तीच गोष्ट दुसऱ्या तालुक्यातला कोणी आपल्या मातीत ताडून पाही. आज भ्रमणध्वनीवरच्या गटांतून शेतकरी पानाचे छायाचित्र टाकून सल्ला विचारतात. टपालाच्या युगात हेच काम होत होते, आणि एका बाबतीत ते अधिक सकस होते. पत्र लिहिणाऱ्याला लिहिण्यापूर्वी नीट पाहावे लागे.

या कामात द्राक्षाला मध्यवर्ती स्थान मिळाले, याला कारणे आहेत. महाराष्ट्रात पूर्वी भोकरीसारख्या बियांच्या जाती होत्या, मग अनाब-ए-शाही आली, आणि पुढे थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या जातीने बाजाराचे चित्रच पालटले. तासगाव परिसरातल्या शेतकऱ्याने खडकाळ, पाण्याला दुर्मिळ अशा जमिनीत ही वेल वाढविली. पण हे पीक म्हणजे जुगार होता. मांडवासाठी लोखंडी अँगल आणि तारा, विहिरीचे पाणी, औषधांच्या फवारण्या, छाटणीसाठी कुशल मजूर, असा खर्च आधी करायचा आणि मग घड लागतील की नाही याची वाट पाहायची. ऐन फळछाटणीनंतर वेल फुटावी, हिरवीगार व्हावी आणि फुटव्यांवर घडच नसावेत, असा प्रसंग ज्याने पाहिला आहे त्याला वांझ काडी या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. असा एक हंगाम गेला तर कर्ज फिटायला पुढचे तीन हंगाम लागतात.

गणिती मनाला मात्र हेच पीक जवळचे वाटावे असे होते. ज्वारीच्या शेतात ताटे मोजता येतात, पण एकेका ताटाचा इतिहास ठेवता येत नाही. द्राक्षवेलीचे तसे नाही. वेल मोजता येते, तिचे ओलांडे मोजता येतात, ओलांड्यावरच्या काड्या, काडीवरचे डोळे, डोळ्यातून निघालेला फुटवा, त्यावरची पाने आणि घड, सारे काही बोटावर मोजण्यासारखे. शिवाय महाराष्ट्रात ही वेल वर्षातून दोनदा छाटली जाते. उन्हाळ्यात एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना ऑक्टोबरची फळछाटणी. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते. इथे ती झोपत नाही, म्हणून तिला कात्रीने वळण लावावे लागते. एप्रिलमध्ये जे केले त्याचे उत्तर ऑक्टोबरनंतर मिळते. जणू गणित घातले आणि सहा महिन्यांनी ताळा करून पाहिला.

दाभोळकरांच्या मांडणीचा आरंभ सूर्यापासून होतो. वनस्पतीचे वाळलेले वजन घेतले तर त्यातले सुमारे पंचाण्णव टक्के कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू यांचे असते, आणि ते हवा व पाणी यांतून पानांनी उन्हाच्या साहाय्याने मिळविलेले असते. मातीतून घेतलेल्या खनिजांचा वाटा उरलेल्या चार-पाच टक्क्यांचा. शेतकरी आपला पैसा आणि चिंता त्या चार-पाच टक्क्यांवर खर्च करतो आणि पंचाण्णव टक्के देणाऱ्या पानाकडे पाहतही नाही, हा विपर्यास त्यांनी हयातभर दाखवून दिला. जमिनीच्या चौरस फुटावर रोज किती ऊन पडते, त्यातले किती पानावर झेलले जाते, त्या पानाने दिवसाकाठी किती ग्रॅम अन्न तयार होऊ शकते, असा हिशेब ते शेतकऱ्याला मांडायला लावीत. अशा रीतीने पीक म्हणजे उन्हाची सुगी ठरते आणि शेतकरी ती गोळा करणारा.

मग प्रश्न उरतो पानांचा. सगळी पाने सारखी नसतात. कोवळे पान कमावते नसते, उलट खाणारे असते; आपल्या पूर्ण आकाराच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठे झाल्यावर ते हळूहळू वेलीला परतफेड करू लागते, पूर्ण वाढल्यावर सर्वाधिक कमावते आणि पुढे वय होत गेले की त्याची कमाई घटते. घरातली लहान मुले, कर्ती माणसे आणि वृद्ध यांच्यासारखीच ही विभागणी. कोणत्याही दिवशी वेलीवर कर्त्या पानांची संख्या किती आणि त्यांना उन्हात जागा मिळते आहे की ती एकमेकांच्या सावलीत बसली आहेत, यावर त्या वेलीची ऐपत ठरते. मांडवावर पाने दाटली की शेतकरी खूश होतो. परंतु तळच्या थरातले पान उन्हावाचून बसले असेल तर ते आयते खाणाऱ्या पाहुण्यापेक्षा वेगळे नाही. अशा वेळी शेंडा मारणे, फुटवे विरळ करणे, काड्या मांडवावर सारख्या अंतराने पसरून बांधणे ही कामे खतापेक्षा मोलाची ठरतात.

एप्रिल छाटणीनंतरच्या चाळीस ते साठ दिवसांचे महत्त्व यातूनच उलगडते. पुढच्या हंगामाचा घड या दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या पोटात सूक्ष्म रूपाने आकार घेत असतो. या काळात काडीला ऊन मिळाले, तिची वाढ आटोक्यात राहिली आणि अन्नाचा साठा झाला, तर त्या डोळ्यात घड बसतो; काडी नुसतीच सुसाट वाढत राहिली तर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, बनते. ऑक्टोबरमध्ये दिसणाऱ्या वांझपणाचे बीज असे मे महिन्यातच पडलेले असते. हे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत होतेच. ते पानांच्या मोजणीच्या रूपाने मांडवाखाली उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हाती देणे हे काम मात्र कोणीतरी करायला हवे होते.

घडाच्या बाबतीतही हाच न्याय. महाराष्ट्रातले जाणते बागाईतदार एका घडामागे साधारण बारा ते पंधरा चांगली पाने धरतात. त्याहून कमी पानांवर घड लादला तर मणी फुगतात पण गोडी उतरत नाही, रंग फिका राहतो, आणि पुढच्या वर्षीची काडी उपाशी राहते. पाने फार झाली तर वेल नुसती पाला वाढवीत बसते. ही वेलीच्या जमाखर्चाची बाब. ज्याला घड जास्त ठेवण्याचा मोह आवरत नाही तो पुढच्या हंगामाचे भांडवल आजच खाऊन टाकतो, हे तासगावच्या शेतकऱ्याला सहकारी सोसायटीच्या उदाहरणाने चटकन समजते.

मुळांविषयीचा त्यांचा विचार तितकाच सोपा आणि तितकाच उपेक्षित. वेलीला अन्नपाणी पुरविते ती जाड, तपकिरी मुळी नव्हे. केसासारखी नवी पांढरी मुळी ते काम करते. तिला ओलावा हवा, तसा श्वासही हवा. बोद सतत चिखल राहिला तर ती कुजते, आणि कडक वाळला तर ती मरते. म्हणून पाणी किती दिले यापेक्षा पांढरी मुळी जिवंत आहे का हे हाताने माती बाजूला सारून पाहणे महत्त्वाचे. बोदावर पालापाचोळा, उसाचे पाचट, वाळलेले गवत यांचे आच्छादन असले की बाष्पीभवन कमी होते, माती भुसभुशीत राहते आणि सूक्ष्म जीव कामाला लागतात. पिशवीतले खत विकत आणण्याआधी आपल्या बांधावर किती काडीकचरा आहे हे पाहावे, हा त्यांचा आग्रह यातूनच आलेला. सेंद्रिय शेती हा शब्द पुढे पुष्कळ सवंग झाला; दाभोळकरांकडे तो श्रद्धेचा विषय नव्हता, तो हिशेबातून निघालेला निष्कर्ष होता.

वाईनच्या दृष्टीने हे सारे लक्षणीय वाटते ते याचसाठी. वाईन समतोल आहे असे जाणकार म्हणतात तेव्हा त्यांना चार गोष्टी एकमेकींच्या जागा बळकावीत नाहीत असे सांगायचे असते: मद्यार्क, आंबटपणा, सालीतून आणि बीतून उतरणारा तुरटपणा, आणि फळाचा स्वाद. रसातल्या साखरेचा मद्यार्क होतो. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखरेतून एक टक्का. साखर फार चढेपर्यंत थांबावे तर उष्ण हवेत आम्ल झपाट्याने घटते आणि वाईन जड, बोथट लागते. लवकर तोडावे तर ती आंबट आणि कच्ची लागते. ज्या बागेत पाने आणि घड यांचे प्रमाण बिघडलेले असते तिथे साखर, आम्ल आणि साल एका वेळी पक्व होतच नाहीत. मग तळघरात आम्ल मिसळून किंवा अन्य उपायांनी चूक झाकावी लागते. लहान सेंद्रिय वाईन उत्पादकाला असे झाकणे नको असते. म्हणून तो वाईन बागेतच घडवितो. वेलीवर कमी घड, उन्हात मोकळे पान, जिवंत माती, योग्य दिवशी तोडणी, आणि नंतर शक्य तितकी कमी ढवळाढवळ. अशी वाईन पहिल्या घोटालाच आपलीशी वाटते, तिला वर्षानुवर्षे पेटाऱ्यात ठेवून मवाळ करण्याची गरज उरत नाही.

फ्रान्समधील माँपेलिये येथील लुई रावाझ या द्राक्षशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी वेलीचा समतोल मोजण्याची एक साधी रीत सांगितली. हंगामात वेलीने दिलेल्या द्राक्षांचे वजन आणि त्यानंतर छाटून टाकलेल्या काड्यांचे वजन यांचे गुणोत्तर काढायचे. पुढे कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी एक किलो द्राक्षे नीट पिकायला साधारण ०.८ ते १.२ चौरस मीटर पानांचे क्षेत्र लागते, असे दाखविले. दाभोळकरांची पाने मोजण्याची पद्धत याच वाटेवरची. फरक इतकाच की रावाझचा निर्देशांक वाईनच्या विद्यालयांत शिकविला गेला आणि दाभोळकरांचा हिशेब पोस्टाच्या पाकिटांतून आणि मांडवाखालच्या बैठकांतून फिरला.

सेंद्रिय शेतीच्या जागतिक परंपरेतही त्यांचे स्थान असेच थोडे निराळे आहे. १९२४ साली रुडॉल्फ स्टायनर यांनी दिलेल्या व्याख्यानांतून जैवगतिक शेतीचा उगम झाला आणि युरोपातल्या अनेक नामांकित द्राक्षमळ्यांनी ती स्वीकारली. तिच्यात ग्रहताऱ्यांचाही विचार आहे. त्याच वर्षी अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले आणि तेथील शेतकऱ्यांच्या रीती पाहून त्यांनी कंपोस्टची इंदूर पद्धत सिद्ध केली. दाभोळकर यांतल्या हॉवर्डना जवळचे. ग्रहताऱ्यांऐवजी त्यांच्यापाशी एकच तारा होता, सूर्य, आणि त्याची मोजणी चौरस फुटांत होत असे.

शेतकरी स्वतः संशोधक होऊ शकतो या त्यांच्या विश्वासाला द्राक्षांच्या जगात भक्कम पुरावे सापडतात. तास-ए-गणेश ही जात तासगाव तालुक्यातील वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनमधून निवडली. सोनाका ही जात सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरे तिच्या नावात आहेत. मांडवाखाली हिंडताना एखाद्या काडीवरचे मणी इतरांहून लांबट आहेत हे ध्यानात येणे, ती काडी वेगळी वाढविणे आणि वर्षानुवर्षे तिची पारख करणे ही शुद्ध संशोधनाची कृती होय. महाराष्ट्राच्या द्राक्षबाजारात ज्या जातींनी कोट्यवधींची उलाढाल केली त्यांची नावे अशा शेतकऱ्यांच्या गावांवरून आणि आडनावांवरून पडली, हे विसरता येणार नाही.

उत्तरायुष्यात दाभोळकरांचा विचार द्राक्षापलीकडे गेला. पाच माणसांच्या कुटुंबाला सन्मानाने जगायला जमीन किती लागते, असे गणित त्यांनी घातले आणि दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, असे उत्तर काढले. घरच्या माणसांचे रोजचे काही तास, मोजके पाणी, परिसरातला सेंद्रिय कचरा आणि पूर्ण वेळ झेललेले ऊन एवढ्या भांडवलावर धान्य, भाजी, फळ, जळण आणि थोडे विक्रीचे पीक काढता येईल, अशी ती मांडणी. ज्यांना तेवढीही जमीन नाही त्यांच्यासाठी घराची गच्ची होती. पिंप, टोपली, सिमेंटची पिशवी, उसाचे चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून शहरातही शेती होऊ शकते हे त्यांनी पटविले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर पुढे जी बाग फुलली तिची प्रेरणाही याच विचाराची. त्यांचे अनुयायी दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी अमृतमाती सिद्ध करण्याचे काम पुढे नेले. शेण, गोमूत्र आणि गूळ यांच्या पाण्यात भिजविलेला पालापाचोळा थरावर थर रचून कुजवायचा, त्यात नाना जातींचे बी पेरायचे आणि ठरावीक दिवसांनी ती रोपे कापून पुन्हा त्याच ढिगात मिसळायची, अशी ती कृती. कोल्हापूरच्या वाचकाला त्यातला गूळ पाहून बरे वाटेल.

त्यांच्या विचारांचे संकलन ‘प्लेन्टी फॉर ऑल’ या इंग्रजी ग्रंथात आहे. पुण्याच्या मेहता पब्लिशिंग हाऊसने तो प्रसिद्ध केला. ग्रंथ मोलाचा असला तरी वाचायला सोपा नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. आकृत्या, नव्याने घडविलेल्या संज्ञा आणि लांबच लांब वाक्ये यांच्यातून वाट काढताना सामान्य वाचक दमतो. ज्या माणसाने शास्त्र बांधावर नेले त्याचे पुस्तक मात्र बांधावर सहज पोहोचू नये, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. दहा गुंठ्यांच्या गणितालाही मर्यादा आहेत. पान किती ऊन झेलते ते मोजता येते. बाजारात भाव किती मिळेल, घरात आजारपण कधी येईल, धाकटा मुलगा शहरात जाऊन परत येईल की नाही, हे मोजता येत नाही. शिवाय ही शेती रोज पाहणारा डोळा मागते. ज्याच्याकडे तीस एकरांची बाग आणि मजुरांच्या टोळ्या आहेत त्याला पाने मोजण्यापेक्षा फवारा मारणे सोयीचे वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे.

सोयीची किंमत मात्र पुढे कळली. दाभोळकर गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २००३ साली, युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यातीला तडाखा बसला. त्यानंतर अंशतपासणीची काटेकोर व्यवस्था आली, प्रत्येक बागेची नोंदणी सुरू झाली. तरीही २०१० च्या हंगामात पुन्हा तसेच घडले, आणि या वेळचे कारण अधिक बोलके होते. द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले. हे काही कीड मारणारे विष नव्हे, वेलीची वाढ रोखणारे रसायन आहे. एप्रिल छाटणीनंतर काडी सुसाट सुटू नये आणि डोळ्यात घड बसावा म्हणून ते फवारले जाई. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर दाभोळकर ऊन, पाणी, शेंडा मारणे आणि पानांची मोजणी यांत शोधत होते, त्याच प्रश्नाचे हे बाटलीतले उत्तर होते. ते स्वस्त होते आणि झटपट होते. पण त्याचे अंश वेलीत टिकून राहिले आणि ज्या द्राक्षांवर शेतकऱ्याने वर्षभराची उमेद बांधली होती ती परदेशी बंदरांत अडकून पडली. नुकसान लाखो रुपयांच्या कर्जाच्या रूपाने सांगली-नाशिकच्या गावांत परत आले.

२००१ च्या धोरणानुसार नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्यानांसाठी जागा राखण्यात आली. पलूस हे दाभोळकरांच्या द्राक्षांच्या टापूतलेच. खाण्याच्या द्राक्षांवर पोसलेल्या शेतकऱ्याला वाईनची द्राक्षे लावणे म्हणजे उलट्या दिशेने चालण्यासारखे होते. खाण्याचे द्राक्ष टपोरे हवे, साखर अठरा ब्रिक्सच्या आसपास आली की चालते आणि वजनावर पैसा मिळतो. वाईनला मणी लहान हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त पडते. साखर बावीस-चोवीसपर्यंत चढावी लागते आणि उत्पन्न मुद्दाम कमी ठेवावे लागते. आयुष्यभर जास्त पिकविण्याची स्पर्धा केलेल्या माणसाला हाताने घड खुडून टाकायला सांगणे सोपे नव्हते. पण वेलीला झेपेल तेवढेच तिच्यावर ठेवायचे, ही गोष्ट या भागातल्या काही मांडवांखाली वाईनचे नाव निघण्याच्या कितीतरी आधी बोलली गेली होती.

आजही तासगाव भागात द्राक्षांच्या चर्चासत्रात एखादा जुना बागाईतदार उठतो आणि पांढरी मुळी किती आहे हे पाहिले का, असे व्यासपीठावरच्या तज्ज्ञालाच विचारतो. मग कोणीतरी खुरपे घेऊन मांडवाखाली जातो, बोदावरचे पाचट बाजूला करतो आणि मूठभर माती हातात घेऊन येतो.